आईच्या टाचेवरचा काळा डाग: तीळ, कुरूप, चामखीळ समजून सोडून दिलेलं काय काय डॉक्टरांना दाखवावं?

अबोली_सांगली

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, पण हात होत नव्हता. परवा आईने चार महिन्यांनी स्वतःच्या पायाने अंगणात तुळशीला पाणी घातलं, तेव्हा म्हटलं आता लिहावं.

मागच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आईच्या तळपायांची फार आग होत होती. घरात आजीची काशाची वाटी आहे. तूप लावून मी तिचे पाय वाटीने घासत बसले. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, घासता घासता तळवे काळेकुट्ट होतात. नंतर गरम पाण्यात पंचा पिळून पुसले तर सगळं काळं निघालं, डाव्या टाचेच्या आतल्या बाजूचा एक डाग सोडून. मी परत पुसला, चण्याचं पीठ लावून चोळला. तो तिथेच. शर्टाच्या बटणाएवढा, एका बाजूला शाईसारखा गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट होत कातडीत विरून गेलेला.

आई म्हणाली, "अगं, तो तीळ आहे. तळपायाला तीळ म्हणजे प्रवासयोग. तुझी मावशी म्हणते, तुला काशी घडणार."

कधीपासून आहे विचारलं तर दोनेक वर्षं. आधी मसुराएवढा होता. मध्ये थोडा जाड वाटला म्हणून तिने परस्पर मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली होती. मग जवळच्या एका दवाखान्यात दाखवला, तिथे उभ्या उभ्या बघून "कुरूप आहे, त्रास झाला तर कापू" असं सांगितलं. चप्पलसुद्धा पूर्ण काढायला लावली नव्हती.

आणि मीही लगेच नेलं नाही. दिवाळी होऊ दे म्हटलं, मग भाचीचं लग्न निघालं. तीन महिने गेले. ते तीन महिने मला अजून टोचतात.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्या, सगळी नखं, तळहात पाहिले. आईला जोडवी काढायला लावली. मग डागावर जेल लावून बॅटरीसारखं एक भिंगाचं यंत्र टेकवलं, ते मोबाईलला जोडलेलं होतं, आणि मला पडद्यावर दाखवलं. तळपायाच्या कातडीवर बारीक रेषा असतात ना, त्या मोठ्या करून पाहिल्या की नांगरलेल्या रानासारख्या दिसतात. डॉक्टर मूळचे शेतकरी घरातले असावेत. म्हणाले, "ताई, ही सरी आणि हा वरंबा. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत असतो. तुमच्या आईचा रंग वरंब्यावर बसलाय. मला हे आवडलेलं नाही. तुकडा काढून तपासू."

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. ॲक्रल लेंटिजिनस मेलानोमा. म्हणजे त्वचेचा कॅन्सर, रंगपेशींचा. जाडी, म्हणजे तो कातडीत किती खोल गेलाय ते, ०.६ मिलिमीटर. ही जाडी सर्वांत महत्त्वाची असते आणि आईची कमी होती, हे आमचं नशीब. डागाभोवती एक सेंटिमीटर कातडी घेऊन सगळा भाग काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. तीन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. मग वॉकर, मग काठी. कडा स्वच्छ आल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नव्हता. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि त्या वेळी जांघेतल्या गाठीही चाचपून बघतात.

मला एवढंच सांगायचं आहे की घरातल्या मोठ्या माणसांचे तळपाय बघा. मी आजवर समजत होते, त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांना उन्हाने होतो. आपल्या सावळ्या कातडीवर मेलानोमा क्वचितच होतो, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त करून होतो. म्हणजे जिथे कुणी बघत नाही तिथेच.

तुमच्याकडे असं काही झालंय का? तपासणीला काय लागतं, कुठे जावं, तेही लिहा. इतरांना उपयोग होईल.

मोरपंखी

अबोलीताई, वाचता वाचता उठले आणि सासूबाईंचे पाय पाहिले. त्या म्हणाल्या, "आज काय, पाया कशाला पडतेस?" डाग नाही. पण दोन्ही टाचांना खोल भेगा आहेत आणि त्यातली एक चिघळलेली आहे, ती कुणी पाहिलीच नव्हती. त्यांना मधुमेह आहे. उद्याच नेते.

रानवारा

काकूंना बरं वाटतंय हे वाचून समाधान झालं.

माझा प्रश्न असा की माझ्या अंगावर पन्नासेक तीळ असतील. पाठीवरच वीस. यातल्या कशाला भ्यायचं आणि कशाला नाही? सगळेच घेऊन डॉक्टरांकडे जायचं का?

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सतरा वर्षं जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. अबोली, तुमच्या डॉक्टरांनी सरी-वरंब्याची उपमा दिली ती मी आता माझ्या पेशंटना सांगणार. इतकी वर्षं मी "रेषांवर" आणि "रेषांमध्ये" सांगत होते आणि कुणाला कळत नव्हतं.

रानवारा, होय, सगळेच घेऊन जा. तीळ अंगावरच असतात, वेगळे न्यावे लागत नाहीत, आणि आम्हाला पाठ बघायला पाच मिनिटं लागतात. पण घरी बघताना काय बघावं ते सांगते. तिळाच्या मधोमध मनात एक रेघ मारा, दोन्ही अर्धे जुळतात का? कडा गोल आणि सरळ आहे का, की नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी? एकच रंग आहे की तपकिरी, काळा, निळसर, लालसर असे मिसळलेत? पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का? हे चार निकष न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली मांडले. पाचवा २००४ साली त्यात घातला गेला, तो म्हणजे बदल. माझ्या अनुभवात हा पाचवाच सर्वांत कामाचा. वीस वर्षं जसाच्या तसा असलेला मोठा तीळ मला तितका काळजीत टाकत नाही, जितका सहा महिन्यांत वाढलेला छोटा तीळ टाकतो. चाळिशीनंतर नवीन उगवलेला, खाजणारा, आपोआप रक्त येणारा, खपली धरून न भरणारा, हे सगळे दाखवायचे.

आणखी एक युक्ती. एका माणसाचे तीळ एकमेकांसारखे असतात, भावंडांसारखे. पाठीवर वीस तीळ फिकट तपकिरी आणि एकच काळाभोर असेल तर त्या एकाकडे बोट दाखवा.

ज्यांना बघून लोक घाबरतात पण बहुतेक वेळा काही नसतं, तेही सांगते. पन्नाशीनंतर पाठीवर, कपाळावर येणारे, वरून चिकटवल्यासारखे, मेणचट खडबडीत काळे डाग. मानेवर, काखेत लोंबणाऱ्या बारीक चामखिळी. पोटावरचे लालचुटुक ठिपके. गालावर आई-मुलीला सारखेच येणारे बारीक काळे दाणे. गालावरचे वांग. यातलं कशानेही जीव जात नाही. मानेची कातडी मखमलीसारखी जाड काळी झाली असेल तर ती घासून जाणार नाही, साखर तपासा.

एकच विनंती. मला संदेशातून फोटो पाठवून "काही सीरियस नाही ना?" विचारू नका. डाग हाताला कसा लागतो, डर्मोस्कोपखाली, म्हणजे अबोलीच्या डॉक्टरांनी टेकवलं त्या भिंगाच्या यंत्राखाली, कसा दिसतो, हे फोटोत येत नाही. मी "काही नाही" लिहिलं आणि माझं चुकलं, तर तुमचे सहा महिने जातील.

गुलमोहर_७

धाग्याबद्दल आभार. मला चामखिळीबद्दल बोलायचं आहे. आमच्या गावात अजूनही चामखीळ असली की घोड्याचा केस बांधतात, नाही तर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतात. माझ्या काकांच्या नाकाजवळ असा एक काळा फोड होता. सगळे म्हणायचे मस आहे. काकांनी तीन वेळा चुना-सोडा लावून जाळला. दर वेळी खपली पडायची, दोन महिने बरं वाटायचं आणि परत यायचा, आधीपेक्षा थोडा मोठा. सहा वर्षं हे चाललं. चुलत भावाने शेवटी जबरदस्तीने नेलं. बेसल सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे त्वचेचाच एक कॅन्सर. तोपर्यंत नाकपुडीची कड खाल्ली होती. प्लास्टिक सर्जनने कपाळाची कातडी फिरवून नाक नीट केलं. काका आता ठीक आहेत, पण लग्नकार्यात फोटोला उभे राहत नाहीत.

त्वचावैद्य

गुलमोहर, काकांसारखे पेशंट मी पाहिलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण हा कॅन्सर सहसा अंगभर पसरत नाही. लवकर काढला तर एका छोट्या शस्त्रक्रियेत संपतो. सोडला तर आजूबाजूचं खात जातो. पुस्तकातल्या चित्रांत तो मोत्यासारखा गुलाबी चकाकणारा असतो. आपल्या कातडीवर बहुतेक वेळा काळा दिसतो, म्हणून त्याला तीळ किंवा मस समजतात. चेहऱ्यावरची न भरणारी, खपली धरून पुन्हा पुन्हा चिघळणारी पुळी एका महिन्याहून जास्त राहिली तर दाखवा.

चुना-सोड्याइतकंच मला पार्लरमधल्या जाळण्याचं भय वाटतं. हल्ली कुठेही कॉटरीचं, म्हणजे कातडी जाळायचं यंत्र असतं. "तीळ काढून मिळेल" अशी पाटी असते. काळा डाग कसला आहे हे न बघता जाळला तर वरचा रंग जातो, खालचं राहतं, आणि तपासायला काही उरत नाही. मी लेझर करते, कॉटरीही करते, पण आधी डर्मोस्कोपने पाहून. आणि शंका असेल तर जाळतच नाही, कापून प्रयोगशाळेत पाठवते. तुमचा तीळ कुणी काढत असेल तर विचारा, "हा तपासायला पाठवणार का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

वर्ध्याची_लेक

तीळ नाही, पण याच्याच जवळचं. आमच्या विदर्भात बायकांच्या कमरेचा विषय आहे.

माझी आजी नऊवारी लुगडं नेसते, परकर न घालता, कमरेवर घट्ट गाठ. पन्नास-पंचावन्न वर्षं एकाच जागी. तिथे कातडीचा काळा जाड पट्टा पडलाय, हे आम्ही लहानपणापासून बघतो. दोन वर्षांपूर्वी त्या पट्ट्यात उजव्या बाजूला भेग पडली. आजी हळद-तेल लावायची आणि त्याच्यावरच परत लुगडं कसायची. लाजेने कुणाला दाखवलं नाही. वास यायला लागला तेव्हा आईला कळलं.

डॉक्टरांनी सांगितलं की हे फार जुनं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये काम केलेले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं होतं. साडी-लुगड्याचंही तसंच. नाडी वर्षानुवर्षं कातडी घासते, वरून घाम, धूळ, ऊन. कातडी फाटते, भरते, फाटते. असं चालू राहिलं तर क्वचित एखादीच्या त्या जखमेचं कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांबद्दल ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्यातली एक चाळीस वर्षं लुगडं नेसणारी होती आणि तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

आजीच्या जखमेचा तुकडा तपासला. नुसती जुनी जखम निघाली, कॅन्सर नाही. घरात सगळ्यांनी किती दिवसांनी श्वास घेतला म्हणून सांगू. आता तिला रुंद कापडी पट्ट्याचा सैल परकर शिवून दिलाय, आणि गाठ रोज वेगळ्या जागी. ती म्हणते, लुगडं सुटेल. सुटू दे म्हटलं.

आशाताई

मी कोल्हापूर जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. सगळे काळ्या डागांबद्दल लिहिताय, मला फिकट चट्ट्याबद्दल लिहायचंय, कारण मी दर वर्षी कुष्ठरोग शोधमोहिमेत दारोदार हेच विचारत फिरते.

कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, तिथे घाम येत नाही, लव गळालेली. लोक शिबं समजतात, नायटा समजतात, मेडिकलमधून मलम आणून लावतात. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. पण न दुखणं हीच तर खूण आहे! मी डोळे मिटायला सांगते आणि पेनाच्या टोकाने हळूच स्पर्श करते, "लागलं की बोट दाखवा". एका आजोबांनी चट्ट्याच्या चहूबाजूंनी बरोबर बोट दाखवलं आणि चट्ट्यावर चार वेळा टोक लावलं तरी गप्प. त्यांना कळलंच नाही मी स्पर्श केला.

असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात या. गोळ्या फुकट आहेत. चट्टे पाच किंवा कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. गोळ्या सुरू झाल्या की तो माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. एका गोळीने कातडी काळपट पडते, लोक त्या भीतीने मध्येच बंद करतात. तो रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो. आधी गोळ्या सुरू केल्या असत्या तर वाकडी झाली नसती अशी बोटं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं लिहिलं.

मोरपंखी

आशाताई, तुमचं काम मोठं आहे. नमस्कार.

सासूबाईंना दाखवून आले. भेग साफ करून पट्टी केली, मऊ चप्पल लिहून दिली. बरं झालं बघितलं.

निळं_आभाळ

मी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असते. इथे क्वीन्सलँडमध्ये कातडी तपासून घेणं दात तपासण्याइतकं रोजचं आहे. मुलांच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानावर सोडत नाहीत. सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला ही इथली १९८१ ची मोहीम आजही पोरांना तोंडपाठ असते.

मी आठ वर्षं गेलेच नव्हते. मला वाटायचं, आपण सावळे, हे यांचं दुखणं. मैत्रिणीच्या आग्रहाने गेले. तपासणी फॅमिली डॉक्टरनेच केली, अर्धा तास. आतले कपडे ठेवून गाऊन घालायला देतात. डोक्यात जागोजागी भांग पाडून पाहिलं. कानामागे, पापणीच्या कडेला, बोटांच्या बेचकीत. मी नेलपेंट लावून गेले होते, तर पुसून परत यायला सांगितलं, म्हणजे एक फेरी वाया गेली. तुम्ही जाल तेव्हा नखं साफ करून जा. पायांचीही.

पाठीचा एक तीळ त्यांनी मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवला, चार महिन्यांनी परत बोलावून ताडून पाहिला. बदल नव्हता. तेव्हापासून मी घरीही तसंच करते. नवरा माझ्या पाठीचा फोटो काढतो, मी त्याच्या. त्याच खोलीत, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून.

सह्याद्री_पुत्र

राग मानू नका, पण आमच्या घरी एकच गोष्ट ऐकत आलोय: गाठीला, डागाला चाकू लावला की कॅन्सर पसरतो. आत्येभावाच्या बाबतीत असंच झालं. तुकडा काढला आणि दोन महिन्यांत गळ्यात गाठ. सहा महिन्यांत गेला. त्यानंतर आमच्याकडे कुणी बायोप्सीला तयार होत नाही. आता वडिलांच्या पायाच्या अंगठ्याला काळी रेघ आहे आणि ते ऐकत नाहीत. मलाही मनातून भीती आहे, खोटं का बोलू.

त्वचावैद्य

राग कशाला. तुमचा माणूस गेलाय, आणि ज्या क्रमाने गोष्टी घडल्या त्यावरून तसंच वाटणार.

पण नीट ऐका. तुकडा काढल्याने त्वचेचा कॅन्सर पसरतो असं आढळलेलं नाही. जी गाठ दोन महिन्यांनी गळ्यात हाताला लागली, ती बायोप्सीच्या दिवशी बहुधा आत होतीच, फक्त बारीक होती. आपल्याकडे माणूस उशिरा येतो, आल्या आल्या पहिली बायोप्सी होते, आणि पुढचं सगळं तिच्या नावावर लागतं.

बायोप्सी म्हणजे काय ते सांगते. त्या जागी इंजेक्शन देऊन कातडी बधिर करतात. ते टोचताना आणि औषध आत जाताना चुरचुरतं, तेवढंच. मग डाग लहान असेल तर पूर्ण काढतात, मोठा असेल तर सर्वांत संशयास्पद भागातून तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा. एक-दोन टाके. पंधरा-वीस मिनिटांत पेशंट घरी. तो तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत पॅथॉलॉजिस्टकडे जातो, मेणात बसवून त्याचे केसापेक्षा पातळ काप करतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जाडी मोजण्याची पद्धत १९७० साली ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने मांडली. किती कातडी काढायची, गाठी तपासायच्या का, सगळं त्या आकड्यावर ठरतं. तो आकडा बायोप्सीशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

आता वडिलांची रेघ. नखाखाली काळी रेघ म्हणजे कॅन्सरच असं अजिबात नाही. सावळ्या लोकांत अनेक बोटांना अशा बारीक रेषा असतात, मलाही दोन आहेत. ठेच लागून साकळलेलं रक्तही काळं दिसतं. ते नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून बरंच हळू. मला काळजी वाटते ती एकाच बोटाच्या रेघेची, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या, जी म्हातारपणी नव्याने आली, रुंद होत चालली, किंवा जिचा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलाय. हे शेवटचं दिसलं तर थांबू नका.

बॉब मार्ले हा जमैकाचा गायक. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार, मेलानोमा, निघाला. फुटबॉल खेळताना लागलंय असा आधी समज होता. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

वडिलांना बायोप्सीला न्यायचंय असं सांगू नका. नुसतं दाखवायला न्या. डर्मोस्कोपला चाकू लागत नाही. बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो.

रानवारा

खर्चाचं कुणी लिहील का? आणि डिग्री कुठली बघायची?

अबोली_सांगली

आम्हाला तपासणी, बायोप्सी आणि लॅब मिळून साडेचार हजार लागले, खासगीत. शस्त्रक्रिया वेगळी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केस पेपर काढून त्वचा विभागात गेलात तर खूप कमी पैशात होतं, फक्त सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं. डिग्रीचं म्हणाल तर एमडी किंवा डिप्लोमा त्वचारोगात असलेले. नुसतं "स्किन क्लिनिक" किंवा "कॉस्मेटॉलॉजिस्ट" लिहिलेलं असेल तर नोंदणी क्रमांक विचारा.

बायोप्सीच्या रिपोर्टची मूळ प्रत आणि लॅबमधले ठोकळे, म्हणजे ब्लॉक आणि स्लाइड, मागून ठेवा. आम्हाला दुसरं मत घेताना त्याच लागल्या.

अनामिक_सखी

इथे नाव न लावता लिहितेय. माझा तीळ स्तनाच्या खाली आहे, घामाने खाजतो, वर्षभरात मोठा झालाय. आमच्या गावात त्वचेचे एकच डॉक्टर आहेत, पुरुष. जायला पाय उचलत नाही. सासरी सांगितलं तर नवरा म्हणेल कशाला दाखवायचं.

त्वचावैद्य

सखी, जा. सोबत कुणी बाई घेऊन जा, बहीण, मैत्रीण, कुणीही. नसेल तर आत गेल्यावर सांगा, "सिस्टरना बोलवा." पुरुष डॉक्टरने स्त्री पेशंट तपासताना बाई हजर असणं हा नियमच आहे, तुम्ही उपकार मागत नाही आहात. पुढून बटणं असलेला ब्लाउज किंवा कुर्ता घाला, तेवढाच भाग दाखवा. स्तनाखाली घामाने नायटाही होतो आणि तिळाशेजारी खाज येते, कदाचित तेवढंच असेल. पण वर्षभरात वाढलाय म्हणताय, म्हणून दाखवायचाच. आणि तोपर्यंत मेडिकलमधलं मिश्र मलम लावू नका. त्यात स्टिरॉइड असतं, खाज थांबते आणि खरं काय आहे ते झाकलं जातं.

वर्ध्याची_लेक

सखी, आजीही लाजेनेच दोन वर्षं गप्प राहिली. तुम्ही इथे लिहिलंत म्हणजे अर्धी वाट चाललात. वर्धा-नागपूरकडे असाल तर मी येते तुमच्यासोबत, खरंच.

गुलमोहर_७

सनस्क्रीन लावल्याने हे सगळं टळतं का? मुलीला कॉलेजला जाताना लावायला सांगू?

त्वचावैद्य

चेहऱ्यासाठी सांगा, उन्हाचे डाग, वांग आणि काही कॅन्सर यांना त्याने आळा बसतो. शेतात, समुद्रावर काम करणाऱ्यांनी टोपी आणि पूर्ण बाहीचा सदरा. पण तळपायाच्या मेलानोमाशी उन्हाचा फारसा संबंध नाही. तिथे सनस्क्रीनचा उपयोग नाही, बघत राहणंच आहे.

सह्याद्री_पुत्र

वडिलांना नेलं. तुम्ही म्हणालात तसं, "नुसतं दाखवायला". ते एसटीत चालक होते, बत्तीस वर्षं. डॉक्टरांनी भिंगातून पाहून विचारलं, "पायावर काही पडलं होतं?" तेव्हा आठवलं, पावसाळ्यात गॅसचं सिलिंडर घसरून अंगठ्यावर आलं होतं. रक्त आहे म्हणाले. नखावर काळ्या भागाच्या मागच्या कडेला कानशीने एक बारीक खूण केली. दोन महिन्यांनी या, खूण आणि डाग दोन्ही पुढे सरकले असतील तर विषय संपला.

येताना वडील म्हणाले, "एवढंच होतं तर आधी का नाही आणलंस?" मी काही बोललो नाही.

आत्येभावाच्या बायकोला हा धागा वाचून दाखवला. तिच्या मनात इतकी वर्षं होतं की बायोप्सीच्या कागदावर आपण सही केली म्हणून तो गेला. बराच वेळ रडली.

अबोली_सांगली

दादा, त्यांना माझा नमस्कार सांगा.

अनामिक_सखी

काल गेले. मी "सिस्टरना बोलवा" म्हणाले, त्यांनी लगेच बोलावलं. डॉक्टर चांगले होते. तीळ पूर्ण काढला, तीन टाके आहेत. ९० टक्के साधा वाटतो म्हणाले, पण तपासायला पाठवलाय. बाटलीवर माझं नाव आणि वय नीट लिहिलंय का ते मला वाचून बघायला लावलं. रिपोर्ट गुरुवारी. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, गुरुवारी मी सुट्टी टाकतो.

वर्ध्याची_लेक

गुरुवारी इथे लिहा. रात्री कितीही वाजले तरी.

अबोली_सांगली

हो, नक्की लिहा. आईही विचारत होती, "त्या मुलीचं काय झालं?"